मेंदूच्या कर्करोगावरील आणि इतर मेंदूविकारांवरील संशोधन : पैसा कोण देतो, आणि आपल्या मुलांसाठी दार कुठे उघडतं?



नववीच्या विज्ञानात चेतासंस्था शिकवताना आपण प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावं फळ्यावर लिहितो, आकृती काढून घेतो आणि पुढे जातो. पण वर्गात एखादा मुलगा हात वर करतोच, "सर, मेंदूत गाठ झाली तर तिच्यावर चांगलं औषध का नाही?" आणि पालकसभेत एखादी आई विचारते, "मुलगी म्हणते मेंदूवर संशोधन करायचंय. पण त्याला पैसा कोण देतं हो?" प्रश्न दोन वाटतात, पण ते एकाच विषयाचे आहेत. औषध नाही, कारण पुरेसं संशोधन झालेलं नाही. संशोधन नाही, कारण त्यासाठी लागणारा पैसा आणि तो पैसा मागू शकणारी तयार माणसं वेळेवर एकत्र आली नाहीत. आज हेच जरा सविस्तर पाहूया.

औषध कंपन्या मागे का राहतात?

मेंदूभोवती निसर्गानं एक पहारा बसवला आहे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी इतक्या घट्ट बसलेल्या असतात की रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत शिरूच शकत नाहीत. याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. हा पहारा आपल्या भल्यासाठीच आहे, पण तो औषधालाही अडवतो. दुसऱ्या अवयवातल्या गाठीवर छान काम करणारं औषध मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचतच नाही. शिवाय गाठ काढताना आजूबाजूचा भाग थोडा जास्त कापून घ्यावा, ही सोय मेंदूत नाही. तिथे बोलणं असतं, चालणं असतं, आठवण असते.

यात भर म्हणजे रुग्णांची संख्या. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या तुलनेत मेंदूच्या कर्करोगाचे रुग्ण कमी. कंपनीच्या हिशोबात ग्राहक कमी आणि अपयशाची शक्यता जास्त, मग ती कशाला पुढे येईल? लहान मुलांचं तर विचारूच नका. मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग सोडला तर गाठीच्या स्वरूपातल्या कर्करोगांत मेंदूच्या गाठी सर्वात जास्त आढळतात, पण बाजार म्हणून पाहिलं तर तो अगदीच छोटा. म्हणून या क्षेत्रात सुरुवातीचा पैसा जवळजवळ नेहमी सरकारकडून, धर्मादाय संस्थांकडून किंवा एखाद्या दानशूर कुटुंबाकडून येतो.

याचं एक चांगलं उदाहरण टेमोझोलोमाइड या औषधाचं आहे. ग्लिओब्लास्टोमा हा मोठ्यांमधला सर्वात घातक मेंदूचा कर्करोग. त्यावर आज जगभर जे औषध देतात ते १९८० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांना लोकवर्गणीवर चालणाऱ्या ब्रिटनमधल्या एका कर्करोग संस्थेनं हात दिला. मोठी कंपनी नंतर आली. २००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. फक्त रेडिएशन घेतलेल्यांचं सरासरी (मध्यक) आयुर्मान १२.१ महिने होतं, सोबत हे औषध घेतलेल्यांचं १४.६ महिने. अडीच महिन्यांचा फरक! वाचताना मन खट्टू होतं. पण दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण पाहा, १०.४ टक्क्यांवरून ते २६.५ टक्क्यांवर गेलं. कोणाच्या तरी घरात मुलाची दहावी पाहायला बाप होता, तो या आकड्यामुळे. प्रयोगशाळेतल्या पहिल्या कुपीपासून इथवर यायला वीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा.

पैसा जाहीर झाला, पण पडून राहिला

आपल्याला वाटतं की सरकारनं एकदा कोटी जाहीर केले की काम झालं. ब्रिटनमधली एक घटना मला याबाबत फार शिकवणारी वाटते.

टेसा जॉवेल या तिथल्या माजी मंत्री. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या तयारीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना ग्लिओब्लास्टोमा झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्या आजारी अवस्थेत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभ्या राहून बोलल्या आणि सभागृह हेलावलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचं निधन झालं. सरकारनं मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ४ कोटी पौंड जाहीर केले. त्या वेळच्या दरानं हे ३५० कोटी रुपयांच्या वर जातात.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तिथल्या सर्वपक्षीय खासदारांच्या गटानं चौकशीचा अहवाल काढला. निम्म्याहून जास्त रक्कम अजून संशोधकांपर्यंत पोचलीच नव्हती! पैसा वाटणाऱ्या यंत्रणेचं म्हणणं असं की दर्जेदार अर्जच पुरेसे येत नाहीत. संशोधकांचं म्हणणं असं की तो पैसा रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी ठेवलाय, पण चाचणी करायला आधी प्रयोगशाळेत काहीतरी सापडायला हवं ना? मूलभूत संशोधनाचा पैसा वेगळ्या संस्थेकडे, चाचण्यांचा वेगळ्या संस्थेकडे, आणि मधल्या दरीवर पूल नाही. त्यातून हुशार तरुण दुसऱ्या, सोप्या विषयांकडे वळतात.

म्हणजे काय तर, विहीर खणली पण पोहरा आणि दोर नाही. अर्ज करू शकणारा संशोधक तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि त्या वर्षांची सुरुवात तुमच्या-आमच्या वर्गात होते. हा लेख शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी लिहिण्याचं कारणही तेच.

आपल्याकडे कोणाकोणाकडे निधी मागता येतो?

भारत एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. हा आकडा कमीच आहे, त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

वैद्यकीय संशोधनासाठी पहिलं नाव भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं. ती वेळोवेळी विषय जाहीर करून डॉक्टर आणि शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागवते. दुसरा केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग. हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र याच विभागाचं. तिसरी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्यानं ती आली आणि आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ तिच्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला मोठा भाग उद्योग आणि खासगी देणग्यांतून यावा अशी अपेक्षा आहे, तेव्हा तो आकडा जपूनच वाचावा. नव्यानं नोकरीला लागलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी तिथे पंतप्रधानांच्या नावानं एक अनुदान आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत.

चौथं नाव इंडिया अलायन्स. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मध्ये ही सुरू केली. इथली फेलोशिप प्रकल्पापेक्षा माणसाला मिळते, साधारण पाच वर्षांसाठी. माझ्या मते मेंदूसारख्या अवघड विषयाला हाच प्रकार जास्त मानवतो, कारण तीन वर्षांत मेंदू कोणालाच उत्तर देत नाही.

परदेशी निधीही येतो. वयस्कर भारतीयांमधल्या स्मृतिभ्रंशाचा देशव्यापी अभ्यास दिल्लीच्या एम्सनं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठानं मिळून केला, त्याला अमेरिकी सरकारच्या वार्धक्य संशोधन संस्थेचा पैसा होता. साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, हा २०२३ सालचा अंदाज त्यातूनच मिळाला. परदेशी पैशाच्या अशा आरोग्य प्रकल्पांना आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. त्यात वेळ जातो, पण आपल्या लोकांचे नमुने आणि माहिती बाहेर कशी जाते यावर नजर हवीच.

आणि दानशूर मंडळी. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या कुटुंबानं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राला २२५ कोटी रुपये दिले. त्यातून कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात १०,००० ग्रामीण लोकांचा मेंदू म्हातारपणाकडे जाताना कसा बदलतो हे वर्षानुवर्षं पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा म्हणजे सीएसआरचा पैसाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारी विद्यापीठं आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या संशोधनाला देता येतो. आपल्याकडे हा पैसा अजून शाळेच्या रंगरंगोटीला आणि बाकांना जास्त जातो. बाकंही हवीतच म्हणा!

महाराष्ट्रात हे काम होतं का? होतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींवर संशोधन झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरिअल केंद्राच्या संशोधन शाखेत, मेडुलोब्लास्टोमा हा मुलांच्या अनुमस्तिष्कात होणारा कर्करोग नेमका कोणत्या उपप्रकाराचा आहे हे साठवलेल्या ऊतींवरून ओळखण्याची चाचणी विकसित झाली. उपप्रकार कळला की कोणत्या मुलाला कडक उपचार हवेत आणि कोणाला कमी चालतील हे ठरवायला मदत होते.

परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातली एक चाचणी तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी. २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षं वयाच्या २०० रुग्णांना त्यात घेतलं. सगळ्यांना मेंदूत सौम्य किंवा कमी तीव्रतेची गाठ. अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीचं रेडिएशन, अर्ध्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकं दिलेलं. मग पाच वर्षं त्यांची बुद्धिमत्ता आणि संप्रेरकं तपासत राहिले. निकाल २०१७ मध्ये आला. जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, पण नेमकं रेडिएशन मिळालेल्यांची आकलनक्षमता आणि संप्रेरकांची स्थिती जास्त चांगली राहिली. म्हणजे मूल वाचतंच, शिवाय वर्गात परत येऊन शिकूही शकतं. यात विकण्यासारखी नवी गोळी नव्हती, म्हणून कोणत्या कंपनीला यात रस वाटला असता? आणि सव्वा तप चालणारी अशी चाचणी तीन वर्षांच्या अनुदानात बसवून दाखवा! सार्वजनिक रुग्णालय आणि चिकाटीचे डॉक्टर होते म्हणून ती झाली.

अर्ज म्हणजे नेमकं काय?

शिक्षकांना हे पटकन कळेल. शाळेचं अनुदान आलं की कोणत्या शीर्षावर किती खर्च, पावत्या, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. संशोधनातही तसंच. यंत्रसामग्री, रसायनं, मदतनीसांचा पगार, प्रवास, किरकोळ, अशी शीर्षं असतात, आणि पहिल्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हप्ता उशिरा आला की संशोधक विद्यार्थ्याचा पगार अडकतो, उंदरांचं खाद्य मात्र अडकवता येत नाही.

पण पैशाच्या पानाआधी येतो प्रश्न. "मला मेंदूच्या कर्करोगावर काम करायचंय" हा प्रश्न नव्हे, ती इच्छा आहे. "या उपप्रकारातल्या पेशी रेडिएशननंतर परत का वाढतात, आणि हे अमुक प्रथिन बंद केलं तर थांबतात का?" हा प्रश्न झाला. परीक्षक विचारतात, हे आधी कोणी केलंय का? तुमच्याकडे सुरुवातीचा थोडा पुरावा आहे का? रुग्णांचे नमुने कुठून आणणार? नैतिकता समितीची परवानगी आहे का? बरेच अर्ज इथेच गळतात, आणि गळणं यात लाज नाही.

नमुन्यांचा मुद्दा पैशाइतकाच मोठा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदू पेढी आहे. मृत्यूनंतर कुटुंबानं संमतीनं दिलेले मेंदू तिथे जपून ठेवतात आणि देशातल्या संशोधकांना अभ्यासासाठी देतात. नेत्रदानाबद्दल आपण शाळेत फेऱ्या काढतो, मेंदूदान हा शब्दही मुलांच्या कानावर पडत नाही.

देणगी मागणारे आणि "चाचणी" विकणारे

मोबाइलवर आवाहनं येतात तेव्हा पालकांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एखाद्या मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत मागणं हा उपचाराचा खर्च. त्यासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक असे मार्ग आहेत. संशोधनासाठी देणगी ही वेगळी बाब. ती संस्थेच्या खात्यात जाते, पावती मिळते, आणि ती कशावर खर्च झाली हे वार्षिक अहवालात दिसायला हवं. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याची लाट आली होती, आठवतं? आपल्यालाही तो पोरखेळ वाटला होता. पण त्यातून एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठी अमेरिकेतल्या एका संस्थेला ११.५ कोटी डॉलर मिळाले, आणि त्या पैशाच्या मदतीनं चाललेल्या प्रकल्पातून २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एक जनुक सापडलं. हिशोब उघडा असला की छोट्या देणग्याही कामाला येतात.

आता जास्त गंभीर. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांना "स्टेम सेल उपचार", "नवीन चाचणी" असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. चाचणी खरी असेल तर ती भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, सापडते. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. डॉक्टरांना नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक नसेल आणि बिल असेल, तर ते संशोधन नाही. आपल्या शाळेत दिव्यांग मुलांचे पालक असतील तर एवढी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा, कोणाचं शेत विकायचं वाचेल.

विद्यार्थ्यांसाठी : कोणत्या वयात कुठलं दार?

शाळेच्या वयात इन्स्पायर-मानक आहे. प्रत्येक शाळा पाच मुलांच्या कल्पना पाठवू शकते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. इथे शिक्षकांना विनंती, दरवर्षी तेच घंटा वाजवणारं यंत्र आणि तीच पाणी वाचवणारी तोटी पाठवू नका. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना चमचा धरता यावा म्हणून मुलीनं केलेली पकड, फेफरं येणाऱ्या मित्रासाठी वर्गात काय करायचं याची सोय, हेही मेंदूविकारांवरचंच काम आहे. भारतात अपस्माराचे एक कोटीच्या आसपास रुग्ण असावेत असा अंदाज आहे, त्यामुळे असं मूल तुमच्या शाळेत असण्याची शक्यता खूप आहे.

बारावीनंतर बहुतेक पालकांना नीट आणि जेईईशिवाय काही दिसत नाही. केव्हीपीवायबद्दल अजून विचारणा होते, पण ती योजना २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये मिसळली. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेला आणि मूलभूत विज्ञानात बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला गेलेला विद्यार्थी इन्स्पायरच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीला पात्र ठरतो. वर्षाला ८०,००० रुपये. छोट्या गावातल्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या मुलीलाही ती मिळते, फक्त अर्ज वेळेत हवा आणि मंडळाचा त्या वर्षीचा कटऑफ पाहायला हवा. एमबीबीएसला गेलेल्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा किंवा अपस्माराचा विभाग असलेल्या कॉलेजात मुलानं दुसऱ्या वर्षालाच मार्गदर्शक शोधावा.

मेंदूवर काम करायला जीवशास्त्रच हवं असंही नाही. एमआरआयची चित्रं वाचायला गणित आणि संगणक लागतो, औषध अडथळ्यापलीकडे न्यायला रसायनशास्त्र लागतं, स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या मराठीत बनवायला भाषा आणि मानसशास्त्र लागतं. शेवटचं काम तर मराठी माणसानंच करायला हवं, इंग्रजीतल्या चाचणीचं शब्दशः भाषांतर निरक्षर आजीपुढे ठेवून तिची स्मृती मोजता येत नाही.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळाली की १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत, त्या त्या प्रवर्गासाठी, आणि त्या विज्ञानातल्या संशोधनालाही चालतात. आपल्याकडे त्या फक्त सामाजिक शास्त्रांसाठी आहेत असा समज पसरलेला आहे, तो काढून टाका. जाहिरात आली की जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांची धावपळ सुरू होते आणि मुदत निघून जाते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातच ही कागदपत्रं काढून ठेवली, तर पुढे मार्गदर्शक शोधायला आणि प्रश्न नीट मांडायला वेळ उरतो.